नोटीस आणि पुरलेलं अंजीर

आमची फर्नांडा बेकरीच्या गल्ल्यावर बसते, पण हॅमिल्टनच्या आमच्या पोर्तुगीज गल्लीत तिला सगळे वकीलबाई म्हणतात. का, तर ती पॅरालीगलची परीक्षा देते आहे. पास झाली की वकील नसतानाही भाडेकरूंची प्रकरणं लढवता येतील. कायद्याच्या शब्दांची कार्डं फ्रीजवर, आरशावर, माझ्या डब्यावरसुद्धा. मी नवरा, माझं काम कार्ड धरून प्रश्न विचारायचं.

तिला शहाणपणा मिरवायची भारी हौस, आणि मला तिचं कौतुक. दोघंही सारखेच.

थंडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या डोना देओलिंडा आल्या. परसातलं अंजिराचं झाड थंडीनं मरू नये म्हणून वाकवून हिवाळ्यापुरतं मातीत पुरून आल्या होत्या, हात तसेच मळलेले. हातात नोटीस : मालकाच्या मुलाला राहायचंय, जानेवारीअखेर घर सोडा.

"बघ गं पोरी, जावंच लागेल का मला?"

फर्नांडाची जेमतेम दहा कार्डं पाठ झालेली. तरी तिनं चष्मा चढवला.

"तारीख घातलीय ना, डोना? मग विषय संपला. कायदा म्हणजे कायदा."

म्हातारी ऐन बर्फात लेकीच्या तळघरात राहायला गेली.

फेब्रुवारीत मी नवं कार्ड उचललं. "नोटीस म्हणजे?"

"मालकानं कळवलेली इच्छा. तेवढ्यानं भाडेकरूला जावं लागत नाही. आधी घरभाड्याच्या मंडळापुढे सुनावणी, तिथं त्याचंही ऐकतात. मग आदेश निघाला तरच..." ती थांबली. तिचा चेहरा उतरला.

"बरोबर आहे की!" मी म्हणालो. माझी अक्कल तेवढीच.

रविवारी आम्ही तळघरात गेलो. डोनांनी गोड पाव कापला आणि लेकीला म्हणाल्या, "हीच आपली वकीलबाई. मला वाचून दाखवलं होतं हिनं."

फर्नांडानं पावाला हात लावला नाही. मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"म्हणजे मी जात नाही म्हटलं असतं तर?"

"सुनावणी झाली असती, डोना. निदान हिवाळा तरी तिथंच निघाला असता. मला माहीत नव्हतं, आणि मी तसं म्हटलं नाही."

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पाव फडक्यात गुंडाळून तिनं फर्नांडाच्या मांडीवर ठेवला.

"मालकाच्या त्या पोराला ठाऊक नसेल गं, मातीखाली झाड आहे म्हणून," ती म्हणाली. "वसंतात ते उकरणार कोण?"