पाळण्यांची बारशी

मले एक सांगा, नाव ठेवायचं झालं तर भरवसा कोणावर ठेवावा? मालकावर, जोशीबुवावर, की गिऱ्हाइकावर?

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं पंपाचं आणि बेअरिंगचं दुकान आहे. कॉलेज पाहिलं नाही. शिकलो ते सगळं काउंटरवर. पण हा प्रश्न सुटला तो कॉम्प्युटरच्या गेममध्ये! मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि थीम पार्क बांधायचा तिचा गेम दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहून गेला. आता रविवारी दुपारी अर्धं शटर खाली, कूलर चालू, मधोमध आलुबोंडे, आणि आम्ही चार म्हातारे पार्क चालवतो. सरकारी लेखा खात्यातून रिटायर झालेले वानखडे साहेब माऊस धरतात. जोशीबुवा कोणाची तरी पूजा आटोपून येतात. धनुभाऊ, म्हणजे धनंजय, कापसाच्या जिनिंगमधला फोरमन. तो अकोटहून एसटीनं येतो. किस्से गोदामातल्या जुन्या बेअरिंगसारखे साचलेत. फेकवत नाहीत, गिऱ्हाईक दिसलं की बाहेर निघतात.

*

या गेममध्ये पाळणा, म्हणजे बसून फिरायची कुठलीही राइड, बांधला की गेमच त्याला नाव देतो. रोलर कोस्टर एक, रोलर कोस्टर दोन. वानखडे साहेबांना ते फार पटलं. "बदलता काहून? आमच्या खात्यात माणसाइलेही नंबरच होते!"

मी म्हटलं, साहेब, नंबरानं माल खपत नाही. एक कोस्टर तर विहिरीत पडावं तसा सरळ खाली जायचा. त्याला मी नाव दिलं 'आरामदायी'. पंपाच्या धंद्यात चालतं असं!

गेममधल्या माणसावर क्लिक केलं की त्याच्या मनातलं वाचता येतं. साहेबांनी एकाचं वाचलं, "आरामदायीकडे नुसतं पाहूनच मले मळमळून राहिलं."

जे चढले ते उतरून रस्ताभर ओकत गेले. मी नाव बदलायला निघालो तर जोशीबुवा म्हणाले, "नाव राहू द्या. झाडूवाला वाढवा!"

*

पुढचा पाळणा बांधला तेव्हा जोशीबुवा अडून बसले. "बारसं रीतसर होईल. जन्मवेळ सांगा."

गेममध्ये फक्त महिना दिसतो. "तिथी नाही, नक्षत्र नाही, कसला पार्क आहे हा!" शेवटी साहेबांनी माऊस दाबला ती आपली खरी वेळ धरली. बुवांनी पंचांग काढलं, बोटं मोजली आणि चेहरा पाडून म्हणाले, "पूर्वाषाढा, चौथा चरण. अक्षर ढ."

धनुभाऊ पिशवीत भाजी घेऊन आला होता. त्यानं आत हात घातला आणि एक ढेमसं टेबलावर ठेवलं.

खोटं नाही सांगत, ढेमशावर सगळ्या पार्कात जास्त रांग असते!

*

आता सुमनचं सांगतो. सुमनवहिनी म्हणजे धनुभाऊची बायको, अकोटच्या शाळेत शिक्षिका. एकदा त्यांनी नवऱ्याला धरलं, "दर रविवारी अकोल्यात करता काय?"

धनुभाऊ घाबरला आणि बोलून गेला, "तुह्या नावाचा पाळणा बांधला तिथं. सगळ्यात गर्दीचा!"

पुढच्या रविवारी चपला काढायच्या आत ओरडला, "साहेब, आलुबोंडे मागून! आधी सुमन बांधा!"

साहेबांनी लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा बांधून दिला. धनुभाऊनं घाम पुसला. "सुमन चालली तं माहा रविवार चालला. सुमन बंद, तं मीही बंद!"

*

माझा सगळ्यात मोठा कोस्टर मी वडिलांच्या नावानं केला. आपल्याकडे देवळातल्या पंख्यावरही नाव असतं, मग कोस्टरनं काय पाप केलं? 'कै. अप्पासाहेब स्मृती.'

थोड्या वेळानं स्क्रीनवर निरोप आला. साहेबांनी हळू आवाजात वाचला, "कै. अप्पासाहेब बंद पडले."

मेकॅनिक पाठवला. पुन्हा निरोप. "कै. अप्पासाहेब चालू झाले."

जोशीबुवांनी हातातला आलुबोंडा खाली ठेवला. "अहो, दरवर्षी श्राद्ध मी करतो त्यांचं! माझ्या पोटावर पाय देता काय?"

*

वानखडे साहेबांनी आजवर एकच नाव ठेवलं. भूलभुलैया बांधला आणि त्याला म्हटलं 'हेड ऑफिस'. लोक आत जात, फिरत बसत. साहेब एकेकाचं मन वाचत, "हेड ऑफिसमधून बाहेर पडाचं कसं, विचारून राहिला. याले भूक लागली. हा थकला."

मी म्हटलं, साहेब, एक सोपा रस्ता तरी ठेवा त्यांना.

"घाई काय हाये? मी निघालो तवा केस पांढरे होते!"

*

गेममध्येही पाळणा जुना झाला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. सुमनचे घोडे रिकामे फिरू लागले. दर थोड्या वेळानं बंद पडायची. साहेब म्हणाले, पाडा. धनुभाऊ हात जोडायचा आणि घरी जाऊन सांगायचा, "आजही सुमनवर पाय ठेवाले जागा नव्हती."

एका शनिवारी त्याचा फोन. "भाऊ, उद्या मॅडम येऊन राहिल्या संगं. सुमन पाह्याले!"

मी व्यापारी माणूस. रविवारी सकाळीच सुमनचं तिकीट शून्य केलं. दुपारपर्यंत रांग गेटाच्या बाहेर!

वहिनी आल्या, खुर्चीवर बसल्या. धनुभाऊ म्हणाला, "पाहा! म्हनलं नव्हतं?"

वहिनींनी चष्मा लावला. "तिकीट किती?"

वानखडे साहेबांनी आयुष्यात आकडा खोटा सांगितला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "शून्य."

"आन् तिकीट होतं तवा किती बसत?"

"मागच्या रविवारी चार. त्यातले दोघं पाऊस आला म्हणून."

"मंग पाडा."

साहेबांनी बटण दाबलं. गेमनं इंग्रजीत विचारलं, ते वहिनींनी वर्गात वाचावं तसं मराठीत वाचलं, नवऱ्याकडे पाहत. "सुमन खरंच पाडायची आहे काय?"

धनुभाऊ भिंतीला टेकला. "मी नाई म्हनलो पाडा!"

वहिनींनी माऊस घेतला आणि स्वतः क्लिक केलं. घोडे गेले. मोकळी जागा उरली. जोशीबुवा घाईनं म्हणाले, "वहिनी, नवा बांधू. नाव सुमनच!"

"नाई. धनंजय ठेवा. तिकीट पूर्ण लावा."

चहा घेऊन त्या उठल्या. शटरखालून वाकून बाहेर पडल्या आणि तिथूनच वळून म्हणाल्या, "वानखडे भाऊजी, दर रविवारी फोन मी करीन. धनंजयवर किती बसले ते सांगजा. आन् हिशोब खरा ठेवजा!"