शिकवणाऱ्याचे हात मागे

महिन्याभरापूर्वी सकाळी अकोल्याहून मोहनचा फोन आला. “सर, वंदना गेली...” एवढं बोलून तो थांबला. दोघंही माझे विद्यार्थी, एकाच वर्गातले. वंदना बरेच दिवस आजारी होती. तिला भेटायला जायचं मी दर आठवड्याला ठरवायचो आणि गुडघ्यांचं निमित्त करून टाळायचो. खरं कारण वेगळं होतं. तिच्यासमोर बसून एक गोष्ट कबूल करायची होती आणि ते मला जमत नव्हतं. आता ती इथे लिहितो.

अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवायचो. वंदना बार्शीटाकळीची, घरचा भाजीपाल्याचा मळा. वर्गात ती एकटीच मुलगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अकोल्याला एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला राहिली आणि पंपाची जळालेली मोटर नवी तार घालून पुन्हा भरायला शिकून आली. आमच्याकडे ते काम मी करून दाखवायचो आणि मुलं भोवती उभी राहून बघायची. आल्या आल्या ती म्हणाली, “सर, शनिवारी मी शिकवू का या पोरायले?”

मुलं हसली. नांदगाव खंडेश्वरचा मोहन म्हणाला, “आता पोरीपासून मोटर शिकू का मी? गावात काय सांगू?”

“नको सांगू काई. मोटर भर नुसती.”

त्या शनिवारी तिनं मोहनला मोटरसमोर बसवलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. तांब्याची तार बांबूच्या पट्टीनं खाचेत हळूहळू बसवायची असते. ओढाताण केली की तारेवरचा लेप खरवडला जातो आणि वीज देताच मोटर पुन्हा जळते. मोहनच्या हातात तारांचा नुसता गुंता झाला होता. मला बघवेना. पुढे होऊन मी पट्टी घेऊ लागलो.

“सर, हात मागे,” वंदना म्हणाली.

मी मागे सरलो. मग तीच जरा ओशाळून म्हणाली, “सर, दुकानातले मिस्त्री लय मायाळू होते. माह्या हातून जरा चुकलं का पट्टी घेऊन सोताच भरून द्यायचे. मले काईच येईना. एक दिवस ते बाजारात गेले अन् मी एकटीच मोटर भरत बसले... तवा आलं.”

मोहननं तारा कितीदा काढल्या आणि बसवल्या, पण संध्याकाळी मोटर फिरली. “चालली वं, वंदने!” असं तो इतक्या मोठ्यानं ओरडला की बाहेरून शिपाई धावत आला. पुढच्या शनिवारी शिकवायला मोहन उभा राहिला, हात मागे धरून. शिकलेल्यानं पुढच्याला शिकवायचं, असा रिवाजच पडला.

मग वरचे साहेब तपासणीला आले. खूश होऊन त्यांनी विचारलं, “कल्पना कोणाची?”

मी म्हणालो, “माझी.”

वंदना तिथेच उभी होती. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, दुसऱ्या संस्थांनीही माझ्या नावानं ही पद्धत उचलली. ती कधी चकार शब्द बोलली नाही. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला ती अकोल्याहून आली, तेव्हा मी “वंदना, ते त्या दिवशी...” अशी सुरुवात केली आणि अडखळलो. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, “चहा घ्या सर, थंडा होऊन राहिला.” तिनं विषय टाळला, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. आता वाटतं, मी स्वतःहून बोलेन म्हणून ती वाट बघत होती. तिथेही तिनं हात मागेच ठेवले होते.

गेल्या शनिवारी मोहनला सोबत घेऊन मी त्याच वर्कशॉपमध्ये गेलो. आजही तिथे मुलंच मुलांना शिकवतात. आताच्या मुलांना बसवून मी सगळं सांगितलं... वंदना कोण, हात मागे धरायचा नियम कोणाचा आणि मी काय केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं आहे, विसरतील.

मग काम सुरू झालं. अंजनगाव सुर्जीची एक मुलगी शेजारच्या मुलाला कॉइल भरायला शिकवत होती. त्याची पट्टी घसरली, तार वाकडी झाली आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

“आजोबा, हात मागे!” ती मुलगी म्हणाली. “वंदनाताईचा नियम हाये न!”

मी हात मागे घेतले. त्या मुलानं पट्टी पुन्हा उचलली.