पडद्यावरचा शेवट

आमच्या दाराला चांगली खणखणीत बेल होती, पण हमीदभाईंनी ती कधी दाबली नाही. बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक, जरा थांबून तिसरी, आणि मग बाहेरूनच, "पडदेवाला!" शारजात रोल्ला भागात त्यांचं पडद्यांचं दुकान होतं. दुबईत आमच्या अल कुसैसच्या घरी खिडक्यांची मापं घ्यायला आले आणि भिंतीवरचा माझा नाटकातला फोटो पाहून टेप गळ्यात टाकून खालीच बसले. "ताई, ॲक्टिंग करता? मग खिडक्या नंतर. आधी हे ऐका." मापं राहिली ती राहिलीच. पुढे कितीतरी दिवस आम्ही खिडक्यांना चादरी लावून होतो.

त्यांनी ऐकवलं ते एका अमेरिकन बाईचं शंभर वर्षांपूर्वीचं नाटक होतं. कुठल्याशा गोऱ्या कुटुंबानं घर सोडताना जुन्या पडद्यांबरोबर ते पुस्तकही यांच्या गळ्यात मारलं होतं. लेखिकेला हमीदभाई 'आमची मॅडम' म्हणत, जणू ती मागच्याच गल्लीत राहते. नाटकाची गोष्ट साधी. नवरा वर्षानुवर्षं बोटीवर, बायको घरी. शेवटी तो परततो, दार वाजवतो. ती कडीवर हात ठेवते आणि उघडत नाही.

"स्टेजवर मॅडमचं राज्य होतं," हमीदभाई सांगत. "मग सिनेमावाल्यांनी बोलावलं. पडद्यावर काय केलं यांनी? दार उघडलं! नवरा आत, मिठी, बाजा, खलास. मॅडम भांडली, पण कोण सुनता है? आणखी पिक्चर लिहिले, त्यांचेपण शेवट बदलले. वैतागून परत आली, तर स्टेजवाले तिला विसरलेले." एवढं बोलून ते त्या बाईसाठी खरंच हळहळत.

हमीदभाईंनी ते नाटक आमच्या हौशी मंडळींसाठी मराठीत आणलं, तेव्हा बोटीच्या जागी आखात आलं आणि बायको रत्नागिरीकडच्या एका गावात राहायला गेली. बायको मी. नवरा रंगमंचावर येतच नाही, त्याची नुसती थाप ऐकू येते. ती थाप विंगेतून हमीदभाई स्वतः देत आणि तिथूनच "पडदा!" म्हणून खूण करत.

मी एकदा म्हटलं, "उघडलं दार तर काय बिघडेल? लोक खूश होऊन घरी जातील."

ते एकदम तापले. "नाय उघडायचं. तिनं एकटीनं जन्म काढला तो काय फुकट? उभा राहू दे त्याला बाहेर."

हे ते कुणाबद्दल बोलत होते, ते आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची मरियमभाभी लग्नापासून गावीच होती. आधी इथे घर परवडत नव्हतं, मग तिकडे सासू अंथरुणाला खिळली, आणि नंतर दोघांना सवयच झाली. तालमीच्या मध्येच तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात काय?" दुसराही ठरलेला, "दुकानाचा पडदा कधी पाडताय?" हमीदभाई म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या ईदला." मग आमच्याकडे वळून, "यल्ला, सीन घ्या."

या नाटकाला मात्र त्यांनी तिला बोलावलं. व्हिजा आला, तिकीट झालं. नवऱ्याचं एकही नाटक न पाहिलेली ती बाई पहिल्या रांगेत बसणार होती. हमीदभाईंनी तिच्यासाठी खोली घेतली, खिडकीला स्वतः शिवलेला पडदा लावला आणि तो कसा दिसतो हे बघायला मला मुद्दाम नेलं.

भाभी यायच्या आदल्या आठवड्यात सकाळी गावाहून फोन आला. ती झोपेतच गेली होती. मिळेल त्या विमानानं हमीदभाई निघाले, पण त्यांच्याकडे मयत थांबवून ठेवत नाहीत. मुंबईहून गाडी करून ते गावी पोचले तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. "माती द्यायलापण पोचलो नाय, ताई," परत आल्यावर एवढंच म्हणाले. नाटक पुढे ढकलू या, असं आम्ही परोपरीनं सांगितलं. ऐकलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी, तिसरी घंटा व्हायच्या आधी, ते मेकअपच्या खोलीशी आले. "ताई, आज पडद्यावरचा शेवट करा. दार उघडा."

"आणि मॅडम?"

"मॅडम माफ करेल."

शेवटचा प्रवेश आला. दोनदा टकटक, जरा थांबून तिसरी. मी कडी काढली. दारात हमीदभाई उभे होते, अंगात रोजचाच शर्ट, गळ्यात टेप तशीच. या जागी त्यांनी एकही वाक्य लिहिलेलं नव्हतं.

"उशीर झाला गो," ते म्हणाले.

 माझ्या तोंडातून निघालं ते भाभीचं निघालं, "जेवलात काय?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि तोंड दोन्ही हातांत झाकलं. खूण करायची त्यांनी, आणि त्यांना तर बोलताच येईना. शेवटी मीच विंगेकडे बघून "पडदा" म्हटलं.

ईदच्या आधी त्यांनी दुकान आवरलं आणि कायमचे गावी गेले. परवा फोन केला. करमतं का, म्हणून विचारलं.

"करमतं. मशिदीतून येतो, दार वाजवतो, जरा थांबतो," हमीदभाई म्हणाले. "मग कुलूप काढतो."