बेल्टशिवाय छतावर कुणी चढणार नाही

मंडळी, आज माझी नोकरी गेली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाय.

मुकुंदवाडीजवळच्या एका गोदामावर आम्ही सोलर बसवत होतो. मी साइट इंजिनिअर. सकाळी छताचा जुना सिमेंटचा पत्रा फुटला आणि आमचे फिटर रफिकभाई कमरेपर्यंत आत गेले. पोरांनी त्यांना ओढून काढलं.

मी ठेकेदाराला फोन लावला. "सेफ्टी बेल्ट येईपर्यंत कुणी वर चढणार नाही."

"पॅनल आजच चढवा, नायतर उद्यापासून येऊ नका!"

"मग नाय येत."

गेटपाशी पोचल्यावर मागं बघितलं. सगळी टीम हत्यारं घेऊन येत होती. रफिकभाई म्हणाले, "ताई, रुको. हम भी चलते."

काम बंद आहे. तुम्ही असता तर चढला असता?