साडूने बसवलेली रबरी रिंग

माझा साडू प्रयोगशाळेत नळ्यांतली हवा उपसणारे पंप सांभाळतो. मी तिथेच मोजणीच्या खोलीत, त्याच्या नऊ वर्षं आधी लागलेला. तरी सासरी कौतुक त्याचंच. सासूबाई म्हणतात, "धाकटे जावई नळीला हात लावून गळती सांगतात म्हणे!" मी काय करतो ते कुणी विचारत नाही.

तो खरंच सांगतो, हेच माझं दुखणं. नळीवर तळवा ठेवून "तिसरा जोड" म्हणतो आणि नेमका तिसराच निघतो. आमच्या प्रमुख बाई त्याला 'अहो' म्हणतात. मला 'ते मोजणीवाले'.

आमचं काम असं: हायड्रोजन वायूवर संथ प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे ऋणभारी जुळे, सोडायचे. हे प्रतिकण दुर्मीळ, वर्षात मोजकेच तास मिळतात. अणूजवळून जाताना ते त्याचा इलेक्ट्रॉन बाहेर ढकलतात. असे किती अणू फुटले ते मी मोजायचं. यंदा बाईंनी जाहीर केलं, शोधनिबंधावर पंपवाल्याचंही नाव घालायचं. माझं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको बहिणीचं अभिनंदन करायला फोन घेऊन बसली आणि मी ताटावरून उठलो.

प्रयोगाच्या सकाळी एका जोडाच्या तांब्याच्या रिंगवर ओरखडा निघाला. दुसरी सापडेना. तासाभरात प्रतिकण येणार, म्हणून साडूने रबरी रिंग बसवली आणि गळती तपासायला बाहेरून हेलियम फवारला; फट असेल तर तो आत शिरताना कळतो. गळती नव्हती. पण रबर हेलियम शोषून घेतं आणि नंतर तासन्‌तास नळीच्या आत सोडत राहतं. घाईत तो हे विसरला.

अर्ध्या तासात माझ्या पडद्यावरच्या आलेखात हायड्रोजनच्या शेजारी एक बारीक उंचवटा दिसू लागला. हेलियम! फोन हाताशीच होता. एका शब्दावर काम थांबलं असतं, हेलियम न लागलेली दुसरी रबरी रिंग बसवता आली असती. मी चहा ढवळत बसलो. होऊ दे एकदा फजिती, म्हटलं.

संध्याकाळी बाईंनी आकडे पाहिले आणि मटकन खुर्चीत बसल्या. दाबमापक दोन्ही वायू एकत्र मोजतो, त्यामुळे हायड्रोजन नेमका किती होता तेच कळेना. सहा तासांचे प्रतिकण पाण्यात गेले होते. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला दिसलं नाही?"

मी कागद चाळू लागलो. साडूच पुढे झाला. "बारीक होतं हो ते, कुणाच्याही नजरेतून सुटेल. रबर मी बसवलं. माझं नाव काढून टाका."

बाईंनी काढलं.

जिना उतरताना त्याने हळूच विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा. दिसलं होतं ना?"

"हो."

"कधी?"

"साडेनवाला."

तो दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "हे बाईंना कधी सांगू नका. नोकरी जाईल तुमची."

त्याचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.