काचेची मारांडी

माझा नवरा काच फुंकतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा छोटा गाळा आहे आणि प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, चंबू, असली कामं तो तिथे करतो. सगळं बिनरंगी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्या गाळ्यात कधी बसले नव्हते. डबा द्यायला गेलेच तर दारातूनच परतायचे. आतला उष्मा आणि बर्नरचा एकसुरी आवाज नकोसा व्हायचा.

मग एका उन्हाळ्यात बोरिवलीच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम त्याच्याकडे आल्या. त्यांना चंबू नको होता, फूल हवं होतं. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या मारांडीचं, काचेचं, खऱ्यापेक्षा बरंच मोठं, म्हणजे मुलांना आतले भाग नीट दिसतील.

“कागदात दाबलं की तपकिरी पडतं, बाटलीत ठेवलं की रंग जातो,” त्या म्हणाल्या. “फोटोत मागची बाजू दिसत नाही. आणि प्लॅस्टिकच्या पाकळीतून उजेड जात नाही हो.”

नवऱ्याने असं काम कधी केलं नव्हतं. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो त्यांना हो म्हणूनच आला होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघं होडीने गोराईला गेलो. ओहोटी होती. खाडीच्या कडेला चिखल चकाकत होता आणि त्यात मारांडीची काटेरी पानांची झुडपं दाटीने उभी होती. फूल मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. पाकळीला वरचा ओठ नाहीच, खालचा तेवढा पुढे आलेला, मधोमध फिकट पट्टा आणि वर चार जाड, लवदार केसर एकमेकांना टेकलेले. नवरा उकिडवा बसून ते फूल बोटाने हळूच फिरवत राहिला.

“निळं आहे,” तो म्हणाला.

“जांभळं आहे रे.”

“तेच ते.”

मी लक्ष दिलं नाही. तीन-चार तुरे घेऊन आम्ही परत आलो.

त्या आठवड्यात डबा द्यायला गेले तेव्हा फूल तयार होत आलं होतं. पाकळीची मुरड, लव, सगळं जसंच्या तसं. पण पाकळी होती शाईसारखी निळी. त्याने निळ्या काचेची कांडी वितळवून ती ओढली होती.

“हा रंग कुठून आणलास?” मी विचारलं.

तो बर्नर बारीक करत राहिला. मनातलं काही बोलायचं असलं की तो त्याच्या आईच्या मालवणीवर येतो. “माका ते दोनय रंग एकच दिसतत गो,” तो म्हणाला. “लहानपणापासून.”

मी स्टुलावर बसले. दोन साड्या पुढे धरून कुठली नेसू विचारलं की हा दर वेळी “दोन्ही छान” म्हणायचा, आणि मला वाटायचं, याला माझ्याकडे बघायचं नसतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायचं काय त्यात? नळीला रंग नसतो.”

ते निळं फूल तसंही टिकलं नाही. निळी काच आणि साधी काच थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी देठापाशी टक् असा आवाज होऊन पाकळी निखळली. मग त्याने ठरवलं, सगळं फूल एकाच पारदर्शक काचेचं करायचं आणि रंग वरून लावून भट्टीत भाजायचा. रंग कोण लावणार हे त्याने विचारलं नाही. ज्योतीपुढे घालायचा एक जास्तीचा चष्मा माझ्यासमोर ठेवला.

काच तापली की पिवळी ज्योत उसळते. त्या चष्म्यातून ती ज्योत जवळजवळ पुसली जाते आणि काच तेवढी दिसते, मऊ, लोंबती, मधासारखी. मी पाहत बसायचे. बाहेर टेम्पो मागे घेताना वाजणारी धून, शेजारच्या गाळ्यातली खटखट, सगळं लांब गेल्यासारखं व्हायचं. त्याची बोटं नळी फिरवत असायची. काच किती तापली हे तो रंगावरून नाही, ती हातात किती सैल पडते त्यावरून ओळखतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या नवऱ्याचे हात इतके हळू चालतात, हेही मी तोवर पाहिलं नव्हतं.

रंगाने मला छळलं. लावताना एक दिसे, भट्टीतून निघाल्यावर दुसराच. आणलेले तुरे तर केव्हाच काळे पडले होते. शेवटी रंगाची वेगवेगळी मिश्रणं लावून भाजलेले काचेचे तुकडे रुमालात बांधून मी एकटीच सकाळच्या होडीने गोराईला जाऊ लागले. झुडपासमोर बसायचं आणि एकेक तुकडा फुलाशेजारी धरायचा. पाण्यावरून वारा यायचा, ऊन तुकड्यांतून माझ्या हातावर पडायचं, फिकट जांभळं, गर्द जांभळं, आणि मी किती वेळ तशीच बसले आहे ते कळायचं नाही. टोपली घेऊन जाणारी एक कोळीण एकदा थांबली.

“बांगड्या फुटल्या काय गं?”

“नाही, रंग बघतेय.”

तिने एक तुकडा घेऊन आकाशाकडे धरला, “चांगलाय,” म्हणाली आणि गेली.

अखेर एक तुकडा फुलाशेजारी धरला आणि दोन्हींत फरक दिसेना. कडेला फिकट, आत गळ्याकडे गडद. तो रंग मी पाकळीच्या मागच्या बाजूने लावला, म्हणजे उजेड त्यातून येईल. भट्टी पूर्ण निवेपर्यंत आम्ही थांबलो. झाकण त्याने उघडलं. फूल अखंड होतं.

“जमलाय का?” त्याने विचारलं.

“जमलाय.”

“नक्की ना? मला कळणार नाही.”

“अरे, नक्की.”

कॉलेजात मॅडमनी ते खिडकीपाशी धरलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं. रंग कुणी केला असं त्यांनी विचारल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. मी उगाच पदर सारखा केला.

पुढच्या महिन्यात त्यांनी खाडीतल्याच तिवराच्या झाडाचं फूल मागितलं. तिवराचं फूल इवलंसं, पिवळं असतं, आणि पिवळा त्याला व्यवस्थित दिसतो. यात माझं काहीच काम नव्हतं. सोमवारी सकाळी मी त्याचा डबा भरून ओट्यावर ठेवला. तो चप्पल घालून दारात उभा राहिला.

“तुझा डबा कुठेय?” त्याने विचारलं.

“मी कशाला? पिवळंच तर आहे.”

“चल ना,” तो म्हणाला. “बस नुसती.”

मी आणखी दोन पोळ्या लाटायला घेतल्या. तो चप्पल काढून आत आला आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसून राहिला.