आम्ही बारा जणी एकच असल्याचा कबुलीजबाब

एका बुधवारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मी मोबाइल उघडला. स्पर्धा परीक्षांच्या ज्या ऑनलाइन चॅटच्या जागेवर मी आठ महिने अभ्यास केला, तिथे पांढऱ्या पानावर दोनच ओळी होत्या. या आयपी पत्त्यावरून प्रवेश बंद. कारण, नियमभंग.

आयपी पत्ता म्हणजे नेटवरचा घरनंबर. आमच्या अख्ख्या गावाला तो एकच, कारण गावात नेट एकच, पंचायतीच्या खोलीतल्या डब्यातून येणारं. टॉवर नाही. नाल्यापलीकडच्या टेकडीवर चढलं तर मोबाइलला दोन काड्या मिळतात, त्याही मर्जी असेल तेव्हा; तेवढ्यावर मेल जातो, तासभराचं बोलणं टिकत नाही.

त्या जागी एक निवृत्त अधिकारी दर रविवारी मुलाखतीचा सराव घ्यायचे. फुकट घ्यायचे, म्हणून रांग मोठी. चार महिने थांबून माझा नंबर येत्या रविवारी लागला होता आणि सरकारी नोकरीची खरी मुलाखत त्यानंतर नवव्या दिवशी होती. नंबर चुकवला की यादीच्या शेवटी, हा त्यांचा नियम. लेखी परीक्षा मी माझ्या जोरावर काढली, ते मी कोणालाही छाती पुढे काढून सांगेन. पण खुर्चीवर बसून चार अनोळखी माणसांशी कसं बोलायचं, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. कॉलेजचं फाटक आमच्या घरात माझ्याआधी कोणी ओलांडलेलं नाही. मला तो रविवार पाहिजे होता.

नियमभंग कोणता, ते टेकडीवर मेल उघडल्यावर कळलं. एकाच व्यक्तीने एकाच पत्त्यावरून बारा खाती काढली, सगळ्यांचं आडनाव एक, जन्मदिवस एक, सबब अकरा खोटी.

खोटी एकही नव्हती. एक माझं, बाकी अकरा गावातल्या पोरींची. त्या वनरक्षक भरतीची तयारी करत होत्या आणि मीच मोठ्या शहाणपणाने आदल्या संध्याकाळी त्यांना पंचायतीत ओळीने बसवून खाती काढून दिली. आमच्या गावात अर्ध्याहून जास्त घरं एका आडनावाची. आणि जन्मतारीख? मूल झालं की आमच्याकडे कोणी कॅलेंडर पाहत नाही. शाळेत घालायच्या वेळी गुरुजी विचारतात, आई सांगते मोहफुलं पडत होती तेव्हा, गुरुजी मान हलवतात आणि एक जुलै लिहितात. वर्ष अंदाजाने. अकराही जणी त्याच आडनावाच्या आणि एक जुलैच्या, बारावी मी.

मी लांबलचक अर्ज केला, त्यात हे सगळं सांगितलं. चार मिनिटांत उत्तर आलं. एवढं चार मिनिटांत वाचणारा माणूस नसतो, ते यंत्रच होतं. ओळखपत्रं पाठवा म्हणे. गुरुवारी बाराही आधार कार्डं ओट्यावर मांडली, फोटो काढले, टेकडी चढून पाठवले. आता काय बोलतील, असं मला वाटत होतं. ते बोलले : आपण दिलेल्या पुराव्यातही आडनाव, गाव आणि जन्मदिवस समान आढळल्याने मूळ निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.

मग बाराही जणींना शेजारी शेजारी उभं करून फोटो पाठवला. उत्तर तेच, स्वल्पविरामासकट.

घरी येऊन मी आईवर उखडले. माझी खरी तारीख तरी सांग म्हटलं. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

"धान निसवला होता, तुह्या आत्याची म्हैस व्याली होती. आनखी कोनती तारीख पायजे तुले?"

कॉलेजची एक मैत्रीण आहे, घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात कामाला. शुक्रवारी तिला टेकडीवरून फोन केला. ती म्हणाली, एक अ‍ॅप टाक, ते तुला परदेशात बसलेली दाखवतं, बंदी राहते बाजूला. मी म्हटलं, मी काय चोर आहे मागच्या दाराने जायला? ती हसली. "मंग बस पुढच्या दारापाशी. चहा देतील तुले." दिवसभर मी माझा ताठा सांभाळला आणि संध्याकाळी ते अ‍ॅप टाकलं. लगेच मेल : युरोपातून संशयास्पद प्रवेश, खातं चोवीस तासांसाठी गोठवलं आहे. नागपूरच्या पलीकडे मी गेलेली नाही.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा टेकडी. या वेळी पान वेगळं होतं. दोन पर्याय दिले होते. एक, फेरविचारासाठी तीस दिवस थांबा. दुसरा, पुढचा मजकूर मान्य करा : ही सर्व खाती मीच काढली, माझ्याव्यतिरिक्त त्यामागे अन्य कोणी व्यक्ती नाही, अतिरिक्त अकरा खाती कायमची काढून टाकण्यास माझी संमती आहे. खाली एक चौकोन.

पोरींना विचारायला वेळ होता. खाली उतरायला वीस मिनिटं लागतात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी चौकोनात बरोबरची खूण केली. दोन मिनिटांत सगळं उघडलं, पंचायतीचा पत्तासुद्धा. चार दिवस खरं सांगून जे झालं नाही, ते एका खोट्या ओळीने झालं.

रविवारी पंचायतीच्या खोलीत दार लावून बसले. सरांनी गाव विचारलं, शेती विचारली, वनहक्काचे दावे विचारले. मला सगळं येत होतं. शेवटी ते म्हणाले, "माहिती पक्की आहे. पण तुम्ही प्रत्येक उत्तर भांडायला उठल्यासारखं देता. भांडण कोणाशी आहे?" मी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढे मुलाखतीत ते कामी आलं.

बाहेर आले तर अकराही जणी ओट्यावर. कसं झालं, ते ऐकायला थांबलेल्या. मी आधी चौकोनाचं सांगितलं. मग त्यांच्यातली सगळ्यात जोरात पळणारी म्हणाली,

"म्हंजे ताई, आमी नाईच, असं लिहून देलं तू?"

"हो."

"आन आता आमी आहो, हे कोन लिहून देईन?"

लिहून कोण देणार? ज्यांनी घेतलं ते तर यंत्र. पंचायतीच्या पत्त्यावरून पुन्हा खाती काढली तर पुन्हा बंदी. नव्या खात्याला आता चेहऱ्याचा थेट व्हिडिओ लागत होता आणि टेकडीवरच्या दोन काड्यांवर तो चढेना. मग मी चंद्रपूरच्या बसमधून दोघी-दोघींना नेऊ लागले, प्रत्येकीचा मोबाइल वेगळा, प्रत्येकीचं नेट वेगळं. बसस्टँडवर व्हिडिओ काढायचा, खातं उघडेपर्यंत थांबायचं, परतीची गाडी पकडायची. एका खेपेत अख्खा दिवस जातो. मुलाखतीआधी दोन खेपा झाल्या, बाकीच्या नंतर.

पळणारीने आपला नंबर स्वतःच शेवटी लावला. सहाव्या खेपेला आम्ही दोघीच होतो. खिडकीची जागा तिने धरली, आणि चंद्रपूर येईपर्यंत ती बाहेर बघत बसली. बसस्टँडवर मोबाइल तिने माझ्या हातात दिला नाही, आपलं खातं तिने स्वतःच काढलं.